कांबळ्यांच्या गाडीचा एसी आणि माझं मीटर

माझ्या हातून झालेल्या घोटाळ्यांची कुणी स्पर्धा लावलीच, तर पहिलं बक्षीस कांबळ्यांच्या गाडीच्या एसीला जाईल. तुम्ही चहा घ्या, मी सांगतो.

ऐंशीच्या दशकातलं लखनौ. मी मूळचा अकोल्याचा, लखनौत एका संशोधन संस्थेत यंत्रं सांभाळायला होतो. शेजारी कांबळे, वर्ध्याचे, टेलिफोन खात्यात. विकास नगरच्या आमच्या गल्लीत मराठी अशी आमची दोनच घरं. त्यांची भाजी आमच्याकडे आणि आमची भांडणं त्यांच्याकडे, इतका घरोबा.

या कांबळ्यांनी एका ठेकेदाराची सेकंडहँड अँबेसेडर घेतली. आत चक्क एसी! तेव्हा गाडीत एसी म्हणजे काय थाट होता, तुम्हाला कल्पना यायची नाही. फक्त तो चालत नव्हता.

आणि नेमक्या मे महिन्यात त्यांच्या आई यायच्या होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. दुपारी चारबाग स्टेशनवर उतरायचं आणि तिथून विकास नगरपर्यंत लू, म्हणजे उन्हाळ्यातला तो भाजून काढणारा वारा, अंगावर घेत यायचं. म्हातारं माणूस, त्यात डोळे नाजूक. कांबळे खरोखर काळजीत होते.

"भाऊ, मिस्त्रीला दाखवू का?"

"मिस्त्री कशाला? मी आहे ना."

हे वाक्य मी ज्या दिवशी बोलायचं सोडेन, त्या दिवशी आमची ही देवापुढे साखर ठेवणार आहे.

आई यायच्या त्याच दिवशी, रविवारी सकाळी, मी करंट तपासायचं मीटर घेऊन उतरलो. आधी चारही काचा खाली केल्या. गार हवेला खेळायला वाट नको का? आमच्या अकोल्यात कूलर लावला की समोरची खिडकी उघडायची, हे शेंबडं पोरही सांगेल.

मग बॉनेट उघडलं. फ्यूज जिथे बसतो तिथे गंज चढला होता. तो घासला, नवा फ्यूज बसवला, एसी लावला. कंप्रेसरचा क्लच टक्कन लागला, कंप्रेसर फिरू लागला. कांबळे टाळी द्यायला पुढे आले. पण हवा आली ती कोमट.

"करंट कमी पोचतोय," मी निदान केलं.

मग मी पेटलोच. रिले तपासला, करंट होता. क्लचची कॉइल तपासली, तिथेही होता. जिथे मीटर लावावं तिथे करंट, आणि गाडीत भट्टी.

"अरे यार भाऊ, सगळीकडे करंट आहे, तो गडबड कहाँ है?"

"तेच तर. फॉल्ट लपून बसलाय."

शेवटी संशय थर्मोस्टॅटवर गेला. पुरेसं गार झालं की कंप्रेसर थांबवतो, तो भाग. मग एसीच्या स्विचवर. दोघांनाही मी डॅशबोर्डातून उपटून काढलं आणि वायर डायरेक्ट जोडली. इंजिन चालू की एसी पूर्ण जोरात, मध्ये अडवायला कुणी नाही. तरी हवा कोमटच. मधेच कांबळ्यांनी एक काच वर करायला हात घातला, तर मी खेकसलो, "गुदमरवता का मला?"

दुपार झाली. मी मान हलवली. "कंप्रेसर गेला."

कांबळ्यांचा चेहरा असा पडला की मला फार वाईट वाटलं. म्हणून उपायही मीच काढला. मागे टबात बर्फाची लादी ठेवली, वर ओला टॉवेल घातला, आणि आम्ही चारबाग गाठलं.

कांबळ्यांच्या आई, म्हणजे आमच्या मावशी, काळा चष्मा लावून मागे बसल्या. गाडी स्टेशनबाहेर पडली तशा त्या पुढे वाकल्या.

"काऊन रे, काचा उघड्या काऊन ठेवल्या?"

"मावशी, हवा खेळती राहते," मी म्हणालो.

"हवेचं राहू दे बाप्पा. माह्या डोळ्यात धूळ चालली ना."

डोळ्यांचा मामला होता. चारही काचा वर चढवल्या.

गोमतीचा पूल येईपर्यंत गाडीत थंडी पडली. कांबळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं. सकाळी फ्यूज बदलला तेव्हाच एसी दुरुस्त झाला होता. त्यानंतर दुपारपर्यंत मी सबंध विकास नगर गार करत बसलो होतो.

"किती गार करता रे? पाय बर्फावर ठेवल्यासारखे झाले."

"आई, बर्फावरच आहेत," कांबळे म्हणाले.

"कोणं केलं हे?"

"भाऊंनी."

"हुशार हाय," मावशी पदर गच्च लपेटत म्हणाल्या. "आता थोडं कमी कर बरं, बाबू. दात वाजून राहिले माहे."

कांबळ्यांचा हात स्विचकडे गेला. तिथे भोक होतं.

"भाऊ, हा बंद कसा करायचा?"

इंजिन बंद केलं असतं तर एसी थांबला असता, पण गाडीही पुलावरच थांबली असती. मी खूप विचार केला. शास्त्रीय असा एकच मार्ग उरला होता.

"मावशी," मी म्हणालो, "जरा डोळे मिटून घेता का? काचा खाली करतो."