तळातलं भोक आणि वरचा निळा रंग

"मॅडम, रंग झकास बसलाय. सही करा, टेम्पो उभा आहे," मालक म्हणाले.

मी होडीच्या तळावर स्क्रूड्रायव्हरचं टोक रेटलं. रंगाखालून लांबीचा खपला निघाला. लांबी म्हणजे गाड्यांचे पोचे बुजवतात ती पुट्टी. खाली बोट जाईल एवढं भोक, आणि त्याच्या बुडाला पत्र्याचा जेमतेम कागदाएवढा पापुद्रा. माझं डोकंच फिरलं.

नव्वदचं दशक सरत आलेलं. माधवनगरजवळच्या त्या कारखान्यात मी क्वालिटी बघायचे. फ्रिक्शन स्टर वेल्डिंग तेव्हा अगदी नवं. आम्ही ते जुन्या मिलिंग मशीनवर कसंबसं जमवलं होतं. यात ठिणगी नाही, धातू वितळतही नाही. ॲल्युमिनियमचे दोन जाड पत्रे शेजारी शेजारी घट्ट धरायचे आणि सांध्यात खुंटीसारखं फिरतं टूल दाबून पुढे न्यायचं. घासून घासून धातू मऊ पडतो, दोन्हीकडचा एकमेकांत घोटला जातो. शेवटी टूल उचललं की तिथे भोक राहतं. राहणारच. म्हणून पत्र्याच्या टोकाला भंगारातला तुकडा लावायचा, टूल त्यात नेऊन उचलायचं आणि तुकडा कापून टाकायचा. हे मी शंभरदा सांगितलं होतं.

"तुकडा का नाही लावला?"

"लावा, कापा, अर्धा दिवस जातो. आणि भरलंय की! कुणाला कळतंय?"

"नदीला कळतंय!" मी ओरडले. सगळं शॉप वळून बघायला लागलं.

होडी न्यायला आष्ट्याकडचे तात्या आले होते. कृष्णेवर माणसं पलीकडे नेणारी तर चालवायचे. ते पुढे आले.

"आवं बाई, काय झालं? ह्यातनं रोज पोरं साळंला न्यायची हायेत मला."

"काही नाही हो तात्या," मालक हसले. "मॅडमना शंका फार."

त्या हसण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सही करते," मी म्हणाले. "पण पहिली फेरी तुमची. घरून तुमच्या लेकीला, पिंकीला बोलवा. तिला बरोबर या भोकावर बसवा."

"पिंकीला कशाला? तिला पोहता येत नाही!"

मालक पटकन बोलून गेले. तात्या त्यांच्याकडे वळले.

"आमच्या बारक्यांस्नी बी येत न्हाई, मालक."

टेम्पो रिकामा गेला. तळ काढला, नवे पत्रे आणले, टोकाला तुकडा लावून सांधा पुन्हा मारला. त्यानंतर मालक माझ्याशी धड बोलले नाहीत. नाही तर नाही, माझं खेटर अडलं होतं!

सांधा तपासायच्या पुष्कळ टेस्ट असतात, त्या मी पुढेही केल्या. पण दर सहीआधी मालकांना विचारायचे, "साहेब, यात पिंकी बसेल का?"