गाळात झोपणारी मुरी

उर्वशी गभने बारावीनंतर भंडाऱ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन बसली, तेव्हा नातेवाइकांना वाटलं, पोरीला नर्सिंगला जागा मिळाली नसेल. तिचे वडील टेकचंद मोहाडी तालुक्यातल्या मोहटोल्याचे. गावतलावाच्या खालच्या अंगाला त्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं. त्यांनी लेकीला एवढंच विचारलं की या शिक्षणात रोज करायचं काय. मासोळ्या पकडायच्या, पाहायच्या, त्यांची मापं घ्यायची, असं ती म्हणाली. त्यांना त्यात वावगं काही दिसलं नाही. आत्या मात्र पुढची चार वर्षं, लग्नाकार्यात भेटली की, तिच्या हाताचा वास घेऊन पाहायची.

उर्वशीच्या डोक्यात तेव्हापासून एकच प्रश्न होता, आणि तो तिला कोणी पुस्तकातून दिला नव्हता. भंडारा जिल्ह्यात गावोगाव जुने तलाव. पाळ घालून ओढे अडवले, तेव्हा ओढ्यातली मासळीही आतच अडकली. त्याला दोन-अडीचशे वर्षं झाली. मुरी नावाची बोटाएवढी मासोळी वर्षभरात वयात येते. म्हणजे अडीचशे वर्षांत अडीचशे पिढ्या. एवढ्या पिढ्या साचलेल्या पाण्यात काढल्यावर ती वैनगंगेतल्या आपल्या बहिणींसारखीच राहिली असेल का?

नागपूरला पीएच.डी. करताना तिने अकरा तलावांतल्या आणि नदीतल्या मिळून नऊशे मुऱ्या मोजल्या. एसटीने जायची, हातात झाकणाचा डबा आणि पिशवीत मोजपट्टी. नदीतली मुरी लांब आणि सडपातळ निघाली, तलावातली आखूड आणि पोटाला भरलेली. फरक डोळ्यांनी दिसावा एवढा होता. तलावातली मुरी वेगळी होत चालली आहे, तिचं वेगळेपण रक्तात उतरलं आहे, असा शोधनिबंध तिने लिहिला. तो परदेशी नियतकालिकात छापून आला, लोक त्याचा दाखला देऊ लागले, आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी ती भंडाऱ्यात प्राध्यापक झाली.

पुढे सहा-सात वर्षांनी मोहाडीच्या आठवडी बाजारात तिची गाठ रुखमिणीशी पडली. रुखमिणी मोहटोल्याच्याच मासेमार संस्थेतली, साठीची बाई. आयुष्य जाळ्यावर गेलेलं. उर्वशी तिच्या टोपलीतल्या मुऱ्या उलथ्यापालथ्या करत होती, आणि बोलता बोलता नदीची मुरी वेगळी आणि तलावाची वेगळी, हे तिने मोठ्या हौसेने सांगितलं. रुखमिणीने ऐकून घेतलं.

"वेगळी नाही ना बाई," ती म्हणाली. "मी तलावातली मुरी नहराच्या पान्यात सोडून पायली हावो. तिचे पिल्लं नदीवानी लांबच झाले. जसं पानी, तशी ते होते."

किती वर्षांपूर्वी, किती पिल्लं, असं उर्वशीने विचारलं. रुखमिणीने सरळ सांगितलं, मोजली नाहीत, पण पाहिली आहेत. परतताना एसटीत उर्वशीला चैन पडेना. आपण नऊशे मासोळ्या मोजल्या, पण त्यांतली एकही वाढवून पाहिली नाही, हे तिला पहिल्यांदा लख्ख दिसलं.

तिने कॉलेजच्या मागे सिमेंटच्या सहा टाक्या बांधून घेतल्या. तीन टाक्यांत पाणी स्थिर, तीन टाक्यांत पंपाने वाहतं. तळाला गाळ. तलावाच्या आणि नदीच्या मुरीची पिल्लं दोन्हीकडे सारखी वाटून सोडली. पहिल्याच मे महिन्यात दुपारी पाच तास वीज गेली, पंप थांबला, आणि वाहत्या टाक्यांतली नदीची पिल्लं वर तरंगली. वर्ष वाया गेलं. टेकचंद ते पाहायला भंडाऱ्याला आले. टाक्यांभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, "विजेवर काहून ठेवते? बांधीतून बांधीत पानी कसं उतरते? टाक्या उताराले मांड ना." तिने टाक्या उतारावर मांडल्या, सगळ्यांत वर एक मोठी टाकी ठेवली, ती वीज असताना भरून घेतली, आणि त्यानंतर पाणी वाहायचं थांबलं नाही.

तीन वर्षांनी आकडे हातात आले. रुखमिणीचं खरं होतं. तलावाच्या मुरीची पिल्लं वाहत्या पाण्यात लांब झाली, नदीच्या मुरीची पिल्लं साचल्या पाण्यात आखूड झाली. अंगाचा आकार रक्तात नव्हता, पाण्यात होता. उर्वशीचा नावाजलेला निबंध चुकीचा होता.

त्या दुपारी तिने प्रयोगशाळेत आकडे पुन्हा पडताळले. वाईट वाटलं, पण जितकं वाटेल असं तिला वाटलं होतं तितकं नाही. कारण टाक्यांनी तिला आणखी एक गोष्ट दाखवली होती, आणि तिच्यावरून तिची नजर हटत नव्हती. उन्हाळ्यात साफसफाईसाठी पाणी कमी केलं, की तलावाच्या वंशाची पिल्लं दोन दिवसांत तळाच्या गाळात शिरायची आणि तिथेच निपचित पडून राहायची. नदीच्या वंशाची पिल्लं शेवटच्या वीतभर पाण्यात गोल गोल फिरत राहायची. त्यांना गाळ सुचतच नसे. तलावाच्या पिल्लांनी तर सुकलेला तलाव जन्मात पाहिला नव्हता. पुढच्या पिढीच्या तर आईनेही नाही. उर्वशीने तिसऱ्या पिढीपर्यंत तपासून पाहिलं. तरीही तेच. वेगळेपण होतं, पण ती शोधत होती तिथे नव्हतं. ते अंगाच्या आकारात नव्हतं, वागण्यात होतं.

तिचे मार्गदर्शक डॉ. चंद्रकुमार तोवर निवृत्त झाले होते. ती नागपूरला त्यांच्याकडे गेली. त्यांनी आकडे दोनदा तपासले आणि नवीन निष्कर्षावर खूश झाले. जुना निबंध मात्र तसाच राहू दे, म्हणाले.

"इतक्या वर्षांनी कोण विचारतंय, उर्वशी?"

"विचारत नाहीत सर, पण वापरतात," ती म्हणाली. "माझ्या चुकीवर त्यांनी आणखी माळे चढवलेत."

सरांनी आकड्यांचे कागद पुन्हा पुढे ओढले. मग म्हणाले, दुरुस्ती लिही, मी वाचून देतो.

तिने दोन्ही एकाच निबंधात लिहिलं. पहिल्या परिच्छेदात, माझं आधीचं म्हणणं चूक होतं. पुढे, बरोबर काय आहे ते. लेखकांत स्वतःच्या नावाशेजारी तिने रुखमिणीचं नाव घातलं. नियतकालिकाने विचारलं, या कोणत्या संस्थेच्या? उर्वशीने कळवलं, मोहटोला मासेमार सहकारी संस्थेच्या. तसंच छापलं गेलं. ती छापील प्रत घेऊन रुखमिणीच्या घरी गेली, तेव्हा रुखमिणीने आपलं इंग्रजीतलं नाव बोटाने चाचपून पाहिलं आणि हे वाचून लोक आपल्या तलावावर तर येणार नाहीत ना, अशी काळजी बोलून दाखवली.

लोक आले, पण मशीन घेऊन. त्या वर्षी मोहटोल्याचा तलाव खोल करायचं ठरलं. एप्रिलमध्ये पाणी आटलं की सगळा तळ एकसारखा खरवडायचा, गाळ शेतात टाकायचा. गावाला ते हवंच होतं. टेकचंदांनाही हवं होतं. धानाला शेवटचं पाणी कमी पडत होतं, हे उर्वशीला कोणी सांगायची गरज नव्हती. पण एप्रिलमध्ये त्या गाळात कोण झोपलेलं असतं, हे गावात फक्त उर्वशी आणि रुखमिणीला माहीत होतं.

ग्रामसभेत ती उभी राहिली. तलाव खोल करा, फक्त उत्तरेचा उथळ कोपरा सोडा, मुऱ्या तिथल्या गाळात झोपतात, असं म्हणाली. शेतकरी धनीराम मागून बोलले, "मासोळ्यासाठी धान मारायचे का?" हा प्रश्न रास्त होता, आणि ती उत्तर घेऊनच आली होती. तिने आणि तिची विद्यार्थिनी टीनाने आदल्या आठवड्यात अख्खा तळ मोजला होता. उत्तरेच्या कोपऱ्यात तलावाच्या पाण्याचा विसावा हिस्साही मावत नव्हता. बाकी तीन बाजू हातभर जास्त खोदल्या, तर ती तूट भरून वर पाणी शिल्लकच राहत होतं. तिने कागद फिरवला. धनीरामांनी तो बराच वेळ पाहिला.

मग रुखमिणी उठली. बोलण्यापेक्षा चला, म्हणाली. पन्नासेक माणसं तलावात उतरली. उत्तरेच्या कोपऱ्यात वरचा थर भेगाळून कडक झाला होता. तिने फावड्याने तो काढला, खालचा ओला गाळ हाताने उपसला आणि पाण्याच्या बादलीत सोडला. पाणी गढूळ झालं. ते निवळेपर्यंत सगळे बादलीभोवती वाकून उभे राहिले. निवळलं तशा तळाशी सात मुऱ्या हलू लागल्या, आणि एकेक करत वर येऊन तोंडाने हवा घेऊन गेल्या.

"ह्या वाळल्या चिखलात जिवंत होत्या?" सरपंच कैलाश यांनी विचारलं.

"तुमच्या आजोबाच्या आजोबापासून," उर्वशी म्हणाली.

धनीरामांनी कागद परत केला आणि सांगितलं, हिशोब बरोबर असेल तर त्यांची हरकत नाही. ठराव त्याच दिवशी झाला. मशीन आलं, तेव्हा टीनाने कोपऱ्याभोवती बांबू ठोकून दोरी बांधली होती. त्या वर्षी धानाला शेवटचं पाणी पुरलं. दिवाळीनंतर संस्थेच्या जाळ्यात मुरी आली. पूर्ण खरवडलेल्या शेजारच्या एका तलावात मात्र ती तीन वर्षं दिसली नाही. तिथल्या लोकांनी पुढे उर्वशीकडेच बीजासाठी मुऱ्या मागितल्या.

आज उर्वशी सेहेचाळीस वर्षांची आहे. तालुक्यातल्या एकोणीस तलावांचे उथळ कोपरे तिच्या नकाशावर आहेत, आणि त्यांतले बारा गावांनी ठराव करून राखले आहेत. आत्या आता आपल्या नातीला तिच्याकडे शिकायला पाठवायचं म्हणते. उर्वशीने नवीन प्रयोग मांडला आहे: नदीच्या मुरीला सुकणाऱ्या टाकीत पिढ्यानपिढ्या ठेवलं, तर गाळात शिरणं तिच्यात किती वर्षांत उतरतं? टाकी सुकली की बऱ्याच मुऱ्या मरतात, पण जगणाऱ्या दर पिढीत थोड्याथोड्या वाढत आहेत. हिशोबाने याला तीसेक वर्षं लागतील, आणि तिच्या नोकरीची चौदा उरली आहेत. कोणी ते निदर्शनास आणलं, तर ती सांगते की चौदा वर्षांत जवळपास निम्मी वाट तर नक्की होते, आणि पुढचं टीना पाहील. टीनाने हो म्हटलेलं आहे.