शनिवारची पोळी

माझी सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली. तागडीच्या पारड्याखाली चिकटवलेला चुंबक, आतून पोखरलेलं वजन, तळ ठोकून वर आणलेलं तेलाचं माप, हे मी दुरून ओळखायचो. माणूस गोड बोलायला लागला की मी आधी त्याच्या हातांकडे पाहतो. रिटायर होताना खात्यानं माझ्याकडचे शिक्के परत घेतले, सवय काही घेतली नाही. म्हणून आमचं कुत्रं लागोपाठ तिसऱ्या रविवारी सकाळी ओकलं, तेव्हा माझ्या मनात आजार आलाच नाही. कोणीतरी याला चोरून काहीतरी खाऊ घालतंय, हेच आलं.

कुत्रं गावठी, नाकापासून शेपटीपर्यंत काळं कुळकुळीत. बारा वर्षांपूर्वी प्रताप नगरातल्या आमच्या घरासमोर, माझ्या स्कूटरच्या चाकाला टेकून बसलेलं पिल्लू बायकोला सापडलं. तिनं मायेनं वाटीभर गाईचं दूध पुढं ठेवलं, आणि पुढचे दोन दिवस आम्ही दोघं फरशी पुसत होतो. जनावरांच्या डॉक्टरीणबाई तेव्हा अगदी तरुण होत्या. म्हणाल्या, "काका, त्याच्या आईचं दूध वेगळं, गाईचं वेगळं. सगळ्या पिल्लांना ते सोसत नाही." त्यांनी पिल्लांचं खाणं लिहून दिलं. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. सहा महिन्यांचा झाला की तीनदा, वर्षाचा झाला की दोनदा. इतकं महागाचं पाकीट म्हणजे यात पाणी मुरत असणार, म्हणून मी ते घरी आणून काट्यावर ठेवलं. वजन ग्रॅमला ग्रॅम बरोबर निघालं. खरं सांगायचं तर मला जरा वाईटच वाटलं.

पुढं त्याची नसबंदी झाली. भूक तीच राहिली, हुंदडणं कमी झालं, आणि साहेब पिंपासारखे फुगले. डॉक्टरीणबाईंनी हात आखडता घ्यायला सांगितला. माझ्याच्यानं ते होईना, पण बायको कडक. तो ताटाशी येऊन हुंकारला की मी विरघळायचो आणि ती माझ्या हातातला तुकडा काढून घ्यायची. "लाड करून मारता का त्याले?" असं म्हणायची. शिजलेलं हाड घरात दिसलं तरी तिचा जीव वरखाली व्हायचा, कारण त्याच्या चिरफळ्या आतडं फाडतात असं तिनं ऐकलं होतं. त्याच्या खाण्याच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द तिचा. हे सांगतो, कारण पुढं मी ज्यांच्या ज्यांच्यावर संशय घेतला त्यांत ती कुठंच नव्हती.

गेल्या दिवाळीनंतर तो पहिल्यांदा आजारी पडला. पुढचे पाय जमिनीला टेकून, मागचा भाग उंच धरून उभा राहायचा. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं आणि सांगितलं, स्वादुपिंडाला सूज आहे. तेल, तूप, साय, कोंबडीची कातडी, सगळं बंद. उकडलेला भात, कातडी काढलेली उकडलेली कोंबडी, थोडं कोहळं. तेही चार वेळा, थोडं थोडं. म्हणजे म्हातारपणी गडी पुन्हा पिल्लाच्या वेळापत्रकावर आला. "काका, चमचाभर तेलही त्याला महागात पडेल," त्या म्हणाल्या. "अशी सूज परत परत येत राहिली तर उन्हाळा काढणार नाही तो."

तेल मलाही बंद होतं. त्याच्या आदल्या वर्षी धंतोलीतल्या एका दवाखान्यात माझ्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली होती. त्यामुळे घरात आम्ही दोघं बिनतेलाचे. जेवायच्या वेळी एकमेकांकडे पाहायचो, आणि मला त्याची फार कीव यायची. मला निदान कारण तरी समजावून सांगितलं होतं.

त्याचा भात मी स्वतः काट्यावर तोलून देऊ लागलो. आठवडाभरात तो बरा होत जायचा. सोमवारी सुस्त, बुधवारी शेपूट हलवायचा, शनिवारी गेटपर्यंत धावायचा, आणि रविवारी सकाळी परत ओकायचा. तिसऱ्या रविवारी मी त्याचं तोंड उघडून वास घेतला. मोहरीचं तेल! आमच्या स्वयंपाकघरात मोहरीचं तेल येतच नाही. मला अगदी पूर्वीसारखा चेव आला.

पहिला संशय स्वयंपाकाच्या बाईवर. ती महाल भागातून यायची, झणझणीत रश्शासाठी नावाजलेल्या कोष्ट्याघरची, हाताला चव अशी की नुसती फोडणी दिली तरी गल्ली जागी व्हायची. तिला मी उलटतपासणी घ्यावी तसं विचारलं. घरून डब्यात रस्सा आणते का? हाडं आणते का? तिनं हातातला झारा खाली ठेवला.

"काकाजी, आमचा रस्सा मानसाच्या डोळ्यातून पानी काढते, तो मी कुत्र्याले काहून देईन? अन् मी सकाळी येते, दहाले चालली जाते. संध्याकाळी इथं काय होते, मले काय माहीत?" नंतर डोळ्याला पदर लावून म्हणाली, "इतके वर्ष झाले, अन् तुमी माह्यावर शक करून राहिले."

दुसरा नंबर समोरच्या घरातल्या माझ्या मित्राचा. तो रोज सकाळी गल्लीतल्या कुत्र्यांना बिस्किटं वाटतो. शिवाय गुडघ्यांना मोहरीचं तेल चोळतो, त्याच्या अंगाला तो वास कायमचा. पुरावा पक्का! मी गेटवरच त्याला पकडलं.

"काहून गा, तुह्या कुत्र्यानं माहे गुडघे चाटले काय?" तो हसत सुटला. मग माझं तोंड पाहून थांबला. "तूच सांगतलं होतं न का त्याले काही देऊ नको म्हणून. मी त्याच्याकडं पाहणंबी सोडलं गा."

त्यानंतर आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. बिचाऱ्या डॉक्टरीणबाईंवरही माझा संशय घेऊन झाला होता, की आजार लांबला तर फायदा कोणाचा? हे मी बायकोला बोलून दाखवलं, तेव्हा ती नुसती भात कालवत राहिली.

दर शनिवारी संध्याकाळी मी बागेत जातो. आमची रिटायर मंडळी तिथं जमतात आणि रक्तदाबावर बोलतात. त्या शनिवारी मी चपला घालून निघालो, कोपऱ्यापर्यंत गेलो, आणि बाजूच्या बोळातून मागच्या दाराशी येऊन उभा राहिलो. दुकानदारांवर अशाच धाडी घातल्या होत्या.

मागच्या पायरीवर बायको बसली होती. एका हातात पोळी, शेजारी मोहरीच्या तेलाची वाटी. तिच्या मांडीवर माझा सदरा होता, सकाळी अंगातून काढलेला. त्या सदऱ्यावरून तिनं पोळी सात वेळा ओवाळली, ओठ हलवत, मोजत. मग पोळी तेलात बुडवली आणि कुत्र्यापुढं धरली. तो शहाण्यासारखा वाट पाहत बसला होता. ते शनिवारचं सगळं त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

शनिवारी काळ्या कुत्र्याला ओवाळलेली तेलाची पोळी घातली की माणसावरची साडेसाती हलकी होते, पीडा खाणाऱ्याबरोबर जाते, हे आमच्याकडं लहान मुलालाही ठाऊक. मी अशा गोष्टींची किती टर उडवली असेल, ते तिला ठाऊक.

काखेत कळसा होता आणि मी गावभर शिव्या घालत हिंडत होतो. मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणालो, "अवं, मरून जाईन ना तो! तेलानं त्याचा जीव जाते, माहीत नाही का तुले?"

तिनं वर पाहिलं. रडत नव्हती.

"मले माहीत हाय," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. विचारलं, गल्लीत काळी कुत्री कमी आहेत का? त्यांतल्या एखाद्याला घालायची होती.

"बाहेर घातली असती तं कोणीतरी तुमाले सांगतलंच असतं. तुमी हसले असते. मंग बंद करायले लावलं असतं." सदऱ्याची घडी करत ती म्हणाली, "धंतोलीले तुमाले आत नेलं तवा मी एकटीच होती बाहेर. तवाच हे धरलं. तुमाले काय माहीत."

मला खरंच माहीत नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्याची मापं तपासली, पण ती त्या दवाखान्यातल्या बाकावर किती वेळ बसली होती ते एकदाही विचारलं नाही. लाज वाटली, आणि तिच्यावरचा रागही गेला नाही. दोन्ही एकदम होतं.

पुढच्या शनिवारपासून पोळी गल्लीच्या टोकाच्या एका तरण्या काळ्या कुत्र्याला जाऊ लागली. वाटी मी धरायचो. स्वयंपाकाच्या बाईची माफी मागितली, मित्राची मागितली. आमच्या म्हाताऱ्याला फक्त भात. तो मात्र दर शनिवारी पाच वाजता मागच्या पायरीवर जाऊन बसायचा, आणि बायको ते दार लावून घ्यायची.

उशीर झाला होता. होळीनंतर त्याचं खाणं तुटलं. वजन निम्म्यावर आलं. काट्यावर ठेवायला मला दोन हातही लागेनात. डॉक्टरीणबाई घरी आल्या, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता पथ्य नको. मागेल ते द्या."

बायको आत गेली, तव्यावरची गरम पोळी घेऊन आली, तेलात बुडवली आणि त्याच्या तोंडाशी धरली. त्यानं नाक हलवलं आणि मान फिरवली. मग तिनं ती पोळी त्याच्यावरूनच ओवाळायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. सात झाले. ओवाळलेली पोळी दुसऱ्या कोणाला तरी घालायला हवी, आणि तिला ते आत्ता सुचलं असावं. ती पोळी हातात धरून इकडंतिकडं पाहू लागली.

मी हात पुढं केला. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पोळी माझ्या हातावर ठेवली. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी ती सगळी खाल्ली. कच्चं तेल घशाला लागून ठसका आला, तशी ती उठली आणि माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली.