वैशूची हिरवी चकती

आता हसाल तुम्ही, पण चहा संपायच्या आत सांगूनच टाकतो. माह्यासारखा शहाणा अख्ख्या केळझरात दुसरा सापडणार नाई.

माही पोरगी वैशू बंगलोरले संशोधन करते. सिलिकॉनच्या नखाएवढ्या चकतीवर रसायनाचा पातळ थर चढवते. हवेत अमोनिया आला की तो थर त्याले धरते आन् चकतीतली वीज बदलते. चकतीले नाक बसवते म्हणा ना. गोठ्यात शेणामुताचा अमोनिया राहते, म्हणून उन्हाळ्यात आपल्याकडं तपासायले घेऊन आलती. जाताना चकतीची एक डबी इथंच राह्यली.

तिचा फोन आला. "बाबा, डबी कुरिअर करून द्या. सगळ्यात चांगली चकती तीच हाये."

कुरिअर करायले काय लागते? पण तिची माय गेल्यापासून घरात बोलाले कोणी नाई. मी म्हटलं, "काच हाये, फुटून जाईन. तूच ये."

"बाबा, काच नोहे ते."

"तरी ये."

 मग म्हणे, "बरं, शनिवारी येईन."

शनिवारी मी वावरातले वांगे आणले, भरीत केलं. मग डबी उघडून पाह्यली, तं चकती हिरवट दिसली. वाटलं, पडून पडून शेवाळ धरलं. पोरीची वस्तू अशी मळकी कशी द्याची? दातमंजन घेतलं, जुन्या बनियनची चिंधी घेतली आन् तोंड दिसेपर्यंत घासली.

वैशूनं आल्याआल्या डबी उघडली. पाहतच राह्यली.

"बाबा, याच्यावरचं हिरवं कुठं गेलं?"

"काढलं नं. लय चिवट होतं."

ती हळूच खाटेवर बसली. "चिवटच राहते, बाबा. मी बसवलं होतं ते. अमोनिया तेच धरत होतं."

"म्हणजे नाक..."

"घासून टाकलं तुम्ही."

मले कुठं पाहावं समजे ना. तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं आन् हसूच आलं तिले. हसता हसता डोळे पुसले, मग दोन भाकरी खाल्ल्या. मी जेवण सोडून तिलेच पाहत बसलो.

दुसऱ्या दिवशी सेवाग्राम टेसनावर खिडकीतून तिले विचारलं, "दिवाळीले कोन्त्या गाडीनं येशीन?"

"दिवाळीत नाई जमत, बाबा. चकती पुन्हा बनवा लागन. सुट्टी त्याच्यातच जाईन."

गाडी निघून गेली. एका रात्रीच्या मुक्कामापायी मी अख्खी दिवाळी घालवली, आन् तेही दातमंजन लावून.