कंगवा आणि कुलूप

थोरलीला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळ्यांसाठी ती 'गाडीतल्या बाई'. बावीस वर्षं प्रचाराच्या गाडीत भोंग्याखाली बसून ती पक्षांसाठी घसा फोडत आली होती. कुठल्या पक्षासाठी? सगळ्याच! शहरात अकरा पक्ष. एखादा फुटला की बारा, हातमिळवणी झाली की दहा. सकाळी छत्रीवाल्यांना निवडून द्यायचं, जेवून आलं की त्याच छत्रीवाल्यांना घरी बसवायचं. जीभ घसरू नये म्हणून तिने एक युक्ती काढली होती. ज्या पक्षाचं काम, त्याची निशाणी मांडीवर ठेवायची. आधी मांडीकडे बघायचं, मग तोंड उघडायचं. बावीस वर्षांत एकदाही चूक नाही.

मागच्या निवडणुकीत मात्र तिचा घसा बसला, दोन दिवस. तेवढ्यापुरतं तिने धाकट्या जावेला गाडीत बसवलं. युक्ती शिकवली, कुठे थांबायचं ते शिकवलं.

यंदा कंगवावाल्यांनी, म्हणजे सगळ्यात मोठ्या पक्षाने, निरोप धाडला तो धाकटीला.

"ताई, तुमचा आशीर्वाद असू द्या हं," धाकटी म्हणाली.

"आहे की," थोरली म्हणाली आणि भाजी अशी चिरली की विळीच बिचकली असेल.

थोरलीच्या वाट्याला आले कुलूपवाले. पक्ष नवा, माणसं तीन. उमेदवार निवृत्त मास्तर; सभेत टाळ्या पडल्या नाहीत तर तेच वाजवायचे. हेही काम गेलं तर पुढच्या वेळी कुणी बोलावणार नाही, हे थोरली पुरतं ओळखून होती.

पण कान कुठे ऐकतात? गल्लीच्या टोकाशी धाकटीचा भोंगा लागला की थोरली श्वास धरून ऐकायची. 'आवाज किनरा आहे. 'विकास' म्हणताना नाकात जाते. थांबते मात्र बरोबर माझ्यासारखी, मेली!' दहा दिवसांत धाकटीचं अख्खं भाषण तिला तोंडपाठ झालं.

अकराव्या दिवशी दोन्ही गाड्या एकाच चौकात आल्या. धाकटीभोवती ही गर्दी! इकडे मास्तर, दोन कार्यकर्ते आणि एक चपला शिवणारा, तोही त्याच्या जागेवरच बसलेला. थोरलीने मांडीवरचं कुलूप घट्ट धरलं, माइक तोंडाशी नेला.

"मतदार बंधू-भगिनींनो, विसरू नका! आपली निशाणी..." इथे तिचा तो नेहमीचा श्वास. "कंगवा! कंगवा! कंगवा!"

कुलूप मांडीवर तसंच.

आणि समोरून भोंगा कडाडला, "ऐकलंत ना मंडळी? आता कुलूपवालेसुद्धा आमच्याकडेच भांग पाडणार!"

चौक खो-खो हसला. थोरलीच्या काळजात कळ उठली. फजितीची होतीच, पण जास्त या गोष्टीची की हे वाक्य आपल्याला का सुचलं नाही. 'हे तर मी शिकवलं नव्हतं हिला!'

मास्तर खिडकीशी आले. थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाई, आज गर्दीने पहिल्यांदा आमच्याकडे वळून बघितलं. चार जणांनी कुलूप म्हणजे कोण ते विचारलं! उद्या नऊला या."

घरी धाकटी चपला काढता काढताच म्हणाली, "ताई, रागावला नाहीत ना? पण तुम्ही आणि चुकलात? कशा काय?"

थोरलीने पाण्याचा तांब्या शांतपणे खाली ठेवला.

"चुकले कुठे? मुद्दाम केलं. लोकांनी मान वळवावी म्हणून."

धाकटीचे डोळे विस्फारले. "अगं बाई! खरंच? हे मला शिकवाल?"

"नाही," थोरली म्हणाली आणि कित्येक दिवसांनी दोन घास जास्त जेवली.