उपाशी मेंढ्यांचं पित्त

कत्तलखान्यात तिला सगळे पित्तबाई म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागेही म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. उलट हजेरीच्या वेळी कुणी खरं नाव पुकारलं, तर ओ द्यायला तिला क्षणभर उशीरच व्हायचा. मुलगा रांगत होता तेव्हा ती इथे कामाला लागली. त्याचं लग्न होऊन घरात सून आली तरी तिची उभं राहायची जागा बदलली नव्हती. साखळीला उलट्या टांगलेल्या मेंढ्या पुढे सरकत यायच्या, अलीकडचा आतडेवाला पोट उघडून आतडी कापून घ्यायचा, आणि मग कलेजी हिच्या हातात यायची.

कलेजीच्या खालच्या अंगाला एक खळगी असते. त्या खळगीत हिरवट, लांबोडकी पिशवी चिकटून बसलेली असते. ती न फोडता सोडवायची, एवढंच काम. एवढंच म्हणणाऱ्याने एकदा करून बघावं. पिशवी फुटली की ते कडूजहर पाणी कलेजीभर पसरतं, आणि मग कितीही धुतलं तरी माल वाया जातो.

तपासणीला येणारे जनावरांचे डॉक्टर बोलघेवडे होते. त्यांनीच तिला सांगितलं होतं की पित्त काही या पिशवीत तयार होत नाही, ते कलेजीत दिवसरात्र झिरपत असतं. पिशवी ते नुसतं साठवते, त्यातलं पाणी शोषून दाट करते, आणि खाल्लेलं आतड्यात उतरलं की आकसून नळीवाटे तिकडे सोडते. गाईची पिशवी मोठी, डुकराची कलेजीत रुतलेली, आणि घोड्याला तर पिशवीच नसते.

"नसतेच?" तिने विचारलं होतं.

"नसते. तो दिवसभर चरतच असतो. साठवून करायचंय काय?"

"मग घोडेच पाठवा ना माझ्याकडे! एक फुटली तर नाव बदलीन."

डॉक्टर पोट धरधरून हसले होते. हिलाही तेव्हा हसायला काही जात नव्हतं.

मग डाव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. आधी मधलं, मग त्याच्या शेजारचं, मग अंगठाही. चहाचा पेला उकळता आहे की गार, हे ओठाला लागल्याशिवाय कळेना. घरात तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. पण फुटलेली पिशवी कुठे लपवणार? मुकादमाने दोनदा पाहिलं आणि वहीत काहीतरी टिपून तो पुढे गेला.

त्यात शेजारी सून उभी. तिला कामाला लावलं होतं तेही हिनेच, मुकादमाच्या हातापाया पडून. पोरगी अजून तात्पुरती होती, पण हात चांगला होता. इतका चांगला की बघवत नसे. राहायची खोली कत्तलखान्याची, कामावर असलेल्या माणसाला मिळालेली. हिची जागा सुनेला गेली असती तरी खोली सुटणार नव्हती, चूल विझणार नव्हती. पित्तबाई तेवढी संपली असती. मागे उरली असती दाराकडे डोळे लावून बसलेली एक म्हातारी, आणि ते तिला मरणाहून वाईट वाटत होतं.

म्हणूनच एक गोष्ट तिने सुनेला शिकवली नव्हती. उपाशी जनावराची पिशवी रिकामी होत नाही, फुगत जाते, आणि तिचं कातडं कांद्याच्या पापुद्र्यासारखं होतं. अशी पिशवी सरळ कापायला गेलं की फुटलीच. आतडेवाल्याला थांबवायचं, आतडं जागेवर असतानाच पिशवी बोटांनी अगदी हळू दाबत जायचं, म्हणजे पित्त आपल्या नळीने आतड्यात उतरतं, जनावराने पोटभर खाल्लं असतं तर उतरलं असतं तसंच. पिशवी सैल पडली की मग सोडवायची. असा माल आला की ती अंग वळवून उभी राहायची आणि कोपराआड हात लपवून हे करायची. स्वतःच्या सुनेपासून! मनाचा कोतेपणा तिचा तिलाही कळत होता.

आणि एक दिवस तसाच माल आला. गाडी वाटेत बंद पडली होती, मेंढ्या किती वेळ चाऱ्याविना होत्या देव जाणे. पहिलीच पिशवी टम्म फुगलेली. तिने आतडेवाल्याला थांबवलं, दाबायला सुरुवात केली, पण किती दाबतोय हे बोटांनी सांगायला हवं ना? पिशवी फुटली. दुसरी फुटली. तिसरी मनगटावर फुटली आणि हिरवा ओघळ कोपरापर्यंत गेला.

मुकादमाने साखळी थांबवली.

"पित्तबाई, हे काय चाललंय?"

"माल उपाशी आहे साहेब. पिशव्या भरल्यात. कुणाच्याही हातून फुटतील."

खोटं नव्हतं ते. पण तिच्या हातून त्या कशाने फुटल्या, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"कुणाच्याही?" मुकादम सुनेकडे वळला. "ये गं, तू कर बघू."

सून पुढे झाली. तिने सासूकडे पाहिलं. विचारत होती ती, तोंडाने नाही पण विचारत होती. दोन शब्द पुरले असते. पित्तबाई फरशीवरच्या पाण्याकडे बघत उभी राहिली. फोड गं, ती मनात म्हणत होती. एकदाच फोड. तुझी नोकरी गेली तर जाऊ दे. नंतर मी जन्मभर तुझं सगळं करीन, पण आता फोड.

सुनेने नजर काढून घेतली.

"काका, आतडं कापू नका," ती आतडेवाल्याला म्हणाली. "जरा थांबा."

तिने दोन बोटं पिशवीखाली सरकवली आणि दाबत नेली, हळू, बाळाला ढेकर काढायला थोपटावं तसं. पिशवी सैल पडली. मग तिने पिशवीची मान चिमटीत धरून कापली, खळगीतून पिशवी अलगद सोलली आणि डब्यात टाकली. कलेजी स्वच्छ होती.

मुकादमाने कलेजी उलटसुलट करून पाहिली, मग म्हातारीकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

"कुणी शिकवलं तुला?" त्याने सुनेला विचारलं.

"आईंनी."

"बरं. उद्यापासून इथे तू. बाई, तुम्ही ऑफिसात येऊन जा."

सुटी झाल्यावर कपडे बदलायच्या खोलीत दोघीच होत्या. पित्तबाईला एप्रनची गाठ सुटेना. तिने दोनतीनदा प्रयत्न केला आणि हात खाली सोडले.

"मी नव्हतं शिकवलं तुला ते," ती म्हणाली.

"माहितीये." सून मागे येऊन गाठ सोडवायला लागली. "तुम्ही हात लपवायचात, म्हणून तर मी तिकडेच बघायचे."

गाठ ओली होती, सुटायला वेळ लागला. तेवढा वेळ पित्तबाई भिंतीला कपाळ टेकून हमसून हमसून रडली.