मागची बाजू कोरी

रफूवाल्या मावशीचं काम चाळीस वर्षांत कुणाला दिसलं नव्हतं, आणि तोच तिचा तोरा होता. दिसलं तर ते रफू कसलं? पण अलीकडं काळ्यावरचा काळा दोरा तिलाच दिसेना. दोन गिऱ्हाइकांनी कपडे परत आणून टाकले, तेव्हा सुनेनं सरळ सांगून टाकलं, आता हा काळा कोटही परत आला तर सुयांचा डबा माळ्यावर.

कोट एका चित्रकार बाईचा. तो पोचवायला मावशी तीन जिने चढली आणि दारातच थबकली. समोर भिंतभर कापड ताणलेलं, काळं-पांढरं. रेघेला रेघ, ठिपक्याला ठिपका, मधे खवले, बिया, डोळे. सुई टोचायला जागा नाही. जवळ जावं तर एकेक खवला निराळा, मागं सरावं तर अख्खी भिंत पाण्यासारखी हलतेय. अशी वीण तिनं जन्मात पाहिली नव्हती.

मग तिनं कुठल्याही विणीचं करायची तेच केलं. कोपरा धरून उलटी बाजू पाहिली. कोरी. ना गाठ, ना टाका. कागद होता तो.

"मागं काही नाही, मावशी," चित्रकार म्हणाली. "आहे ते सगळं तोंडावर."

तिनं कोट चढवला, बाहीवरून बोट फिरवलं आणि नेमकं रफूवर थांबवलं. मावशीच्या डोळ्यांपुढं माळा दिसायला लागला. फणकाऱ्यानं तिनं चित्राकडं बोट केलं, तुमचीही ती ओळ वाकडी गेलीय म्हणून.

"हात घसरला. शाई काही पुसता येत नाही. मग पुढची ओळ तिच्या कलानं काढली, त्याच्या पुढची तिच्या कलानं."

मावशीनं त्या वाकड्या ओळीवरून नजर वर नेली. भिंतभर उसळलेली लाट तिथूनच निघाली होती, पार छतापर्यंत. तिनं हात पुढं केला. मग म्हणाली, "काढा तो कोट. द्या इकडं."

घरी कोट पाहून सुनेनं माळ्याखाली स्टूल ओढलं. "आला ना परत?"

"आला नाही. मी आणला."

मावशीनं काळं रफू उसवलं आणि डब्यातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं.

"अहो आई, पांढरा दोरा दहा जणांना दिसेल."

"आधी मला दिसतो," मावशी म्हणाली आणि सुई सुनेपुढं धरली. "ओवून दे. तेवढं मात्र आता होत नाही."